कुऱ्हाड थांबली, अवर्षण थांबेना
जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतातील हाइनिख हे बीच नावाच्या पानझडी वृक्षांचे अरण्य. त्याचा बराच भाग अनेक दशके लष्करी सरावासाठी राखलेला होता; म्हणूनच तेथे कुऱ्हाड फारशी फिरली नाही. १९९७ च्या अखेरीस तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. २०११ मध्ये त्याच्या गाभ्याला जागतिक वारशात स्थान मिळाले. उद्यानाच्या बहुतेक भागात उन्मळलेले झाडही उचलले जात नाही. कुजत्या खोडांवर अळंबी व भुंगेरे पोसतात, ढोल्यांत वटवाघळे राहतात, रानमांजर आसरा घेते. परंतु २०१८ व २०१९ च्या अवर्षणात तेथील अनेक बीच वृक्ष वाळले. कुऱ्हाडीला कायदा अडवितो. तापत्या हवेला तो कसा अडविणार? अरण्ये राखावयाची, तर अरण्याबाहेरील माणसाने आपल्या इंधनाच्या हव्यासालाही आवर घातला पाहिजे.