छंद म्हणून सॉफ्टवेअर लिहिणारे हळूहळू गायब का होतात?

मार्च २०२४. आंद्रेस फ्रॉइंड हे इंजिनिअर काही चाचण्या घेत होते. लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्यांना खटकलं. खोदत खोदत ते 'एक्सझेड युटिल्स' या सॉफ्टवेअरपर्यंत पोहोचले. त्यात कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता.

फाइल दाबून लहान करणं आणि पुन्हा उलगडणं, एवढंच एक्सझेडचं काम. पण बहुतेक लिनक्स सिस्टिम्समध्ये ते असतं आणि जगातले बरेचसे सर्व्हर लिनक्सवरच चालतात. असं हे सॉफ्टवेअर फिनलंडचे लासे कॉलिन वर्षानुवर्षं जवळपास एकट्याने सांभाळत होते. तेही बिनपगारी.

२०२२ मध्ये काही जण त्यांच्या मागे लागले. सुधारणा इतक्या संथ का? जमत नसेल तर दुसऱ्याकडे का देत नाही? हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे आणि तब्येतीमुळे पूर्वीइतकं लक्ष देता येत नाही, असं कॉलिन यांनी सांगितलं. त्या सुमारास 'जिया टॅन' नावाचं खातं मदतीला हजर होतंच. बरंचसं काम हळूहळू त्याच्याकडे गेलं आणि चोरदरवाजा तिथूनच आला. दबाव टाकणारेही त्याच कटात सामील असावेत, असा अनेकांचा संशय आहे.

मुळात माणूस दूर का जातो?

आळस किंवा रुसवा हे सोपं उत्तर झालं. बहुतेक वेळा प्रकल्प चालला, म्हणूनच माणूस थकतो.

सुरुवातीला स्वतःची एखादी अडचण असते. ती सोडवण्यासाठी माणूस रात्री जागून प्रोग्राम लिहितो आणि आवडीने सगळ्यांना फुकट देतो. लोक तो वापरू लागतात. मग रोज तक्रारी येतात: माझ्या मशीनवर चालत नाही, हे फीचर कधी देणार, सुरक्षेतली ही चूक आजच दुरुस्त करा. मजेचा भाग, म्हणजे नवं काही रचणं, कधीच संपलेलं असतं. उरते ती निव्वळ डागडुजी. ती नीट केली तर कुणाच्या लक्षात येत नाही, चुकली तर सगळे बोलतात. दरम्यान नोकरी बदलते, घरी मूल येतं आणि ज्या अडचणीसाठी हे सगळं सुरू केलं होतं ती स्वतःला उरलेलीच नसते.

तरी राजीनामा कुणी देत नाही, कारण द्यायचा कुणाकडे? उत्तरं आठवड्याने येऊ लागतात, मग महिन्याने. मनात अपराधी भावना असते, त्यामुळे प्रकल्प उघडून बघणंही टाळलं जातं. अशा वेळी कुणी 'मी सांभाळतो' म्हटलं, तर त्याची चौकशी करण्याचं त्राण फारसं उरलेलं नसतं. २०१८ मध्ये 'इव्हेंट-स्ट्रीम' या छोट्या पण प्रचंड वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरचं असंच झालं. मूळ लेखक ते स्वतः वापरतही नव्हते. एका अनोळखी व्यक्तीने मागितलं, त्यांनी देऊन टाकलं. नव्या मालकाने त्यात बिटकॉइन चोरणारा कोड घातला.

त्याच वर्षी पायथन या भाषेचे जनक गुइडो वान रॉसम एका वादानंतर प्रमुखपदावरून बाजूला झाले. मात्र पायथनकडे अनुभवी लोकांची मोठी फळी होती, त्यामुळे पुढच्या वर्षी पाच जणांची समिती निवडून काम चालू राहिलं. एकट्याच्या खांद्यावर उभ्या असलेल्या प्रकल्पांकडे अशी फळी नसते.

पैसे दिले तर?

थोडा फरक पडतो. जर्मनीने २०२२ मध्ये अशा पायाभूत सॉफ्टवेअरसाठी सरकारी निधी सुरू केला. पण पगार मिळाला तरी रोजच्या तक्रारी त्याच राहतात. शिवाय ज्याने हे हौस म्हणून सुरू केलं, त्याला ती दुसरी नोकरी करायची असेलच असं नाही. जास्त गरज असते ती काम वाटून घेणाऱ्या, ओळखीच्या दुसऱ्या माणसाची.

एक्सझेडमधला तो कोड साफ करून मे २०२४ मध्ये नवी आवृत्ती आली. ती काढली लासे कॉलिन यांनीच.