वर्धेचा काठ आणि राष्ट्रांचा समाज

राष्ट्रांवर कोणी राजा नाही. मग त्यांचा समाज कसा संभवतो? हेडली बुल या पंडिताने १९७७ साली असे प्रतिपादन केले की, समाईक हित ओळखून राष्ट्रे स्वतःस नियमांनी बांधून घेतात, करार पाळतात, परस्परांकडे वकील ठेवतात. तोच त्यांचा समाज.

आमच्या मोर्शीजवळची वर्धा नदी पाहा. पूर्वी वऱ्हाडचा महसूल निजाम व नागपूरकर भोसले वाटून घेत. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांनी गाविलगड घेतला आणि दोनच दिवसांनी भोसल्यांस देवगावचा तह करावा लागला. वर्धेच्या पश्चिमेचा बहुतेक मुलूख सुटून निजामाकडे गेला. परस्परांच्या दरबारी वकील ठेवावेत, भोसले-निजाम तंट्यांत कंपनीने मध्यस्थी करावी, असेही ठरले. राष्ट्रसमाजाची सारी चिन्हे येथे दिसतात; परंतु जो लढाईतला पक्षकार, तोच पंच! पुढे १८५३ साली फौजेच्या थकलेल्या खर्चापायी निजामासही वऱ्हाडचा कारभार कंपनीच्या हाती द्यावा लागला.

तेव्हा नियम असणे पुरेसे नव्हे. ते बलवंतासही बांधतात काय, हीच खरी कसोटी. आणि नदीकाठच्या रयतेस तर यांपैकी कोणत्याही तहात कोणी विचारले नाही.