वहीची पूजा झाली, वही वाचली का?

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमचे शेजारी मला वसई पूर्वेला, वालीवच्या आपल्या गाळ्यावर घेऊन गेले. चार लेथ, दोन प्रेस, सात कामगार आणि चौरंगावर कोरी वही. "तुमचं अक्षर चांगलं, श्री तुम्हीच काढा," असा आग्रह झाला. मराठीच्या प्राध्यापकाला व्यापारउदिमाच्या जगात याहून मोठा मान कोण देणार? श्री काढला आणि गुरुजींची वाट पाहता पाहता सहज जुनी वही चाळू लागलो.

कामाला तोटा नव्हता. रात्रपाळीसुद्धा चालू होती. पण त्याच वहीत सोनेतारण कर्जाची नोंद होती. पगार भागवण्यासाठी वहिनींच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या.

धंदा जोरात चालू असताना माणूस अडचणीत येतो कसा? सोप्या आकड्यांत मांडून पाहा. महिन्याला ४ लाखांचा माल जातो. लोखंड, पगार, वीज, भाडे मिळून खर्च साडेतीन लाख. नफा ५० हजार. लोखंडवाला आठवड्यात पैसे मागतो, कामगार महिन्याला, आणि गिऱ्हाईक देते ९० दिवसांनी. म्हणजे तीन महिन्यांचे साडेदहा लाख आधी पदरचे घालायचे. ते शेकडा १२ दराने कर्जाऊ घेतले तर महिन्याचे व्याज साडेदहा हजार. नफ्याचा पाचवा हिस्सा तिथेच संपला! दुप्पट कामाची ऑर्डर आली की आपण पेढे वाटतो. वास्तविक त्या दिवशी आणखी साडेदहा लाखांची सोय आधी पाहावयास हवी.

पहाटेच्या गाडीने टोपली घेऊन मुंबईला जाणाऱ्या आमच्या वसईच्या भाजीवालीला हे कोणी शिकवावे लागत नाही. दुपारी ती परतते तेव्हा टोपली रिकामी आणि कनवटीला रोकड असते. 'उधार' हा शब्द संस्कृत 'उद्धार'पासून आला. वसुलीच्या वेळी कोणाचा उद्धार होतो, हे सांगायला नको.

शेजाऱ्यांना ठाऊक नव्हते की त्यांच्या बाजूने कायदा आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे माल स्वीकारल्यापासून, लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने असेही ठरले, की मुदतीत न दिलेली रक्कम, ती प्रत्यक्ष देईपर्यंत, खरेदीदाराला प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. त्यासाठी आपली 'उद्यम' नोंदणी हवी. तिला शुल्क नाही. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदाराला मात्र हे संरक्षण नाही.

"पण तक्रार केली तर गिऱ्हाईक तुटेल त्याचं काय?" शेजारी म्हणाले. प्रश्न खरा आहे, आणि वकिलाच्या नोटिशीने तो सुटत नाही. माझ्या मते तक्रारीची वेळच येऊ देऊ नये. उद्यम क्रमांक आणि मुदत प्रत्येक बिलावर छापावी, म्हणजे गिऱ्हाइकाचा हिशेबनीसच त्याला आठवण करील. चलनावर माल पोचल्याची तारीख आणि सही घ्यावी. तारीखच नसेल तर ४५ दिवस मोजायचे कुठून? आणि दर शनिवारी येणे रकमा वयाप्रमाणे मांडाव्यात: महिन्याच्या आतल्या, दोन महिन्यांच्या, त्यापुढच्या. मुदत उलटली की त्याच आठवड्यात फोन. सहा महिने गप्प राहून मग ओरडणाऱ्याचे कोणी ऐकत नाही.

"मला पैसे मागायला जमत नाही हो," शेजारी पुटपुटले. भिडस्त माणूस! प्रसादाची वाटी पुढे करीत वहिनी म्हणाल्या, "पाटल्या माझ्या आहेत. फोन मी करीन."

भाऊबीज आटोपल्यावर त्यांनी खरोखरच सुरुवात केली. परवा वही पाहिली. तीन कप्पे आखलेले, तिसऱ्यातली दोन नावे खोडलेली. पाटल्या सुटल्या आहेत. तिसरे गिऱ्हाईक मात्र अजून "साहेब बाहेरगावी गेलेत" असेच सांगते, आणि वहिनी दर शनिवारी न चुकता साहेब कोणत्या गावी गेले ते विचारतात.