निळे उपरणे, पांढरे पातळ



14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर आपली माणसे पांढरी वस्त्रे नेसून जमली, तेव्हापासून घरोघरी पेटीत एक पांढरे पातळ जपलेले असते. आमच्या घरी ते आत्यांचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे. सुती, निळ्या बारीक काठाचे. पौर्णिमेला वंदनेसाठी तेच नेसणार!

यंदा बुद्धपौर्णिमेला दोन दिवस राहिले असता मी ते मशीनमध्ये टाकले, आणि घाईत त्यातच मुलाचे 14 एप्रिलच्या मिरवणुकीतले नवे उपरणे गेले. झाकण उघडते तो पातळ आकाशी! आत्या काही बोलल्या नाहीत. त्याचेच जास्त लागले.

अशा वेळी पहिली गोष्ट, कपडा वाळू देऊ नका आणि इस्त्री तर मुळीच नको. ओला आहे तोवर लागलेला रंग बराचसा सुटतो. वाळला, तापला की धाग्यात घट्ट बसतो. गुन्हेगार कपडा बाजूला काढून बाकीचे लगेच साबणाच्या पाण्यातून पुन्हा काढावेत. पुष्कळदा एवढ्यानेच निभावते.

आमचे निभावले नाही. शेजारणीने क्लोरीनचे ब्लीच सुचवले. निव्वळ पांढऱ्या सुती कपड्याला ते चालते: पाच लिटर गार पाण्यात पाव वाटी, पाच मिनिटे, मग भरपूर पाण्यात खळबळणे. पण काठाचा रंगही ते खाते आणि रेशीम-लोकर खराब करते. (त्यात व्हिनेगर किंवा संडास धुण्याचे अ‍ॅसिड कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो.) रंगारी वापरतात ते हायड्रोही काठ सोडत नाही.

म्हणून दुकानातून ऑक्सिजन ब्लीचची पूड आणली. सोडियम परकार्बोनेट हे तिचे नाव. आधी काठाच्या आतल्या टोकाला थेंब लावून पाहिला, रंग हलला नाही. मग पुडक्यावरच्या मापाने कोमट पाण्यात पूड पूर्ण विरघळवून पातळ रात्रभर बुडवून ठेवले. सकाळी आकाशी छटा निम्मी झाली. पाणी बदलून नवी पूड घातली, संध्याकाळी पदराशी एक पुसट ढग तेवढा उरला. तिसऱ्या पाण्यात तोही गेला. रेशमाला आणि लोकरीला मात्र हीसुद्धा चालत नाही.

मीठ-व्हिनेगरच्या पाण्यात बुडवले की रंग पक्का होतो, असे पुष्कळजणी सांगतात. कारखान्यातल्या आजच्या रंगांवर त्याचा भरवसा धरू नये. कापडात न मुरलेला जादा रंग धुऊन काढणे हाच उपाय. नवे उपरणे, जीन्स, लाल ओढणी पहिले चार-पाच वेळा वेगळ्या बादलीत, पाणी नितळ येईपर्यंत.

पौर्णिमेच्या पहाटे आत्यांनी पातळ उजेडात धरून पाहिले, काठावर बोट फिरवले आणि म्हणाल्या, "नीळ जरा जास्त झाली वाटतं गं." मी हो म्हटले.