हार्ड डिस्कचा देवडीवाला

आपल्या कचेरीत, ग्रंथालयात किंवा फोटो स्टुडिओत माहितीचा साठा करणारा एखादा सर्व्हर रात्रंदिवस चालू असेल, तर कोणी काम करीत नसताना त्याच्याजवळ जाऊन जरा कान द्या. पंख्यांच्या घरघरीतून एक बारीकशी 'टिक्' ऐकू येते का? अर्ध्या मिनिटाने पुन्हा एक? तसे असेल, तर पुढचे चार शब्द आपल्याच उपयोगाचे आहेत.

हार्ड डिस्कमध्ये चकत्या गरगर फिरत असतात. मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या साडेतीन इंची डिस्कमध्ये चकतीच्या कडेचा वेग ताशी ९० किलोमीटरच्या पुढे जातो. तिच्यावरून लिहिणारे-वाचणारे हेड हवेच्या अतिपातळ थरावर तरंगते. हा थर किती पातळ? माणसाच्या केसाच्या जाडीचा हजारावा भागही नव्हे! काम नसले की हेड चकतीवरून उचलून कडेच्या एका छोट्या उतरंडीवर टेकवून ठेवतात. यालाच हेड 'पार्क' करणे म्हणतात. धक्का बसला तर चकती वाचते, आणि हवेचा अडथळा कमी झाल्याने थोडी वीजही वाचते. सोय चांगलीच आहे.

बिघडते ते घाईमुळे. वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या 'ग्रीन' मालिकेतील डिस्का वीज वाचवण्यासाठी काढलेल्या. त्यांत ८ सेकंद काम आले नाही की हेड पार्क होई. घरच्या संगणकाला हे चालून जाते. सर्व्हरचे मात्र तसे नाही. तो स्वस्थ दिसला तरी स्वस्थ नसतो. नोंदी लिही, वेळ टिपून ठेव, असे काही ना काही चाललेलेच असते. जुन्या वाड्याच्या देवडीवाल्याने दर आठ सेकंदांनी दरवाजाला अडसर घालावा आणि पाहुण्याने नेमके अर्ध्या मिनिटाने येऊन कडी वाजवावी, तशातला हा प्रकार. दरवाजा मजबूत असेल हो, पण बिजागऱ्या किती दिवस टिकणार?

हिशेबच करू. अर्ध्या मिनिटाला एकदा म्हणजे तासाला १२० वेळा, दिवसाला २,८८०. या डिस्कांसाठी कंपनीने ३,००,००० वेळांची हमी दिलेली होती. ती १०४ दिवसांत, म्हणजे साडेतीन महिन्यांत संपते! आकडा ओलांडला की डिस्क त्याच दिवशी मरते असे नाही. कित्येक डिस्का त्याच्या फार पुढे जाऊनही चालल्या आहेत. पण उतरंड आणि हेडचा दांडा एकमेकांवर घासत राहतात, हे खोटे नव्हे.

सर्व्हरमध्ये याहून मोठी चिंता आहे, आणि तिकडे लोकांचे लक्ष जात नाही. तेथे चार-सहा डिस्का एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच जातीच्या, आणि रेडच्या जोडणीमुळे एकाच तालावर चालणाऱ्या असतात. एक गेली तर बाकीच्या सांभाळतील, या भरवशावर आपण निर्धास्त. पण त्या साऱ्या सारख्याच झिजलेल्या असल्या तर? नवी डिस्क भरून काढताना उरलेल्यांवर कित्येक तास ताण पडतो, आणि नेमक्या त्याच वेळी दुसरी बसली म्हणजे वीस वर्षांचे फोटो गेले म्हणून समजा.

तेव्हा आधी नाडी पाहा. स्मार्टसीटीएल हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम प्रत्येक डिस्कची प्रकृती सांगतो. त्यातील १९३ क्रमांकाची ओळ म्हणजे हेड किती वेळा पार्क झाले त्याची मोजणी; ९ क्रमांकाची म्हणजे डिस्क किती तास चालली ती. पहिलीला दुसरीने भागा. ताशी पाच-सहाच्या आत असेल तर खुशाल झोपा. पन्नास-शंभर असेल तर हात हलवायला हवेत.

ग्रीन डिस्कांच्या बाबतीत डब्ल्यूडीआयडल३ किंवा लिनक्सवरचे आयडल३-टूल्स वापरून ८ सेकंदांची मुदत ३०० सेकंदांपर्यंत वाढवता येते. मात्र त्यानंतर यंत्र नुसते रीस्टार्ट करून भागत नाही. वीज पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावी लागते. अनेकजण येथेच फसतात आणि 'उपाय लागू पडला नाही' म्हणून सोडून देतात. इतर बऱ्याच डिस्कांना एचडीपार्मने वीजबचतीची पातळी २५४ केली की पुरते. पण काही डिस्का वीज गेली की हे विसरतात, म्हणून तो हुकूम यंत्र सुरू होतानाच आपोआप दिला जाईल अशी व्यवस्था करून ठेवावी. सीगेटच्या नव्या डिस्कांसाठी त्यांचेच सीचेस्ट आहे. दर पाच सेकंदांना डिस्कवर उगाच काहीतरी लिहीत राहून तिला जागे ठेवणारेही काही महाभाग आहेत. हेड पार्क होत नाही खरे, पण रोग्याला झोप लागू नये म्हणून रात्रभर ढोल वाजवण्यासारखे ते आहे!

हे सारे करण्याआधी साठ्याची एक प्रत निराळ्या डिस्कवर काढा, आणि एका वेळी एकाच डिस्कला हात लावा. मग १९३ चा आकडा तारखेसह कागदावर लिहून सर्व्हरच्या दाराला आतून चिकटवा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा पाहा. हजारांनी वाढणारा आकडा जेमतेम पाच-पंचवीसने पुढे सरकला असेल, तर देवडीवाला शहाणा झाला.