न संपणारा सल्ला



हल्लीं अनेक सुशिक्षित घरांत एक नवीनच तक्रार ऐकूं येते. मूल लहान आहे, आई हौसेनें त्याचें संगोपन करीत आहे, घरांत कशाचीहि वाण नाहीं, आणि तरी ती म्हणते, "या सल्ल्यांचा मला वीट आला आहे!" हे सल्ले सासूचे नव्हेत, शेजारणीचे नव्हेत, डॉक्टरांचेहि नव्हेत. ते मोबाईलच्या पडद्यावरून येतात. बालसंगोपनावर बोलणाऱ्या आणि लाखों अनुयायी बाळगणाऱ्या ज्या व्यक्तींना आतां इन्फ्ल्युएन्सर म्हणण्याचा प्रघात पडला आहे, त्या हे सल्ले देत असतात. ज्ञान मिळावें म्हणून जिनें या रील पाहावयास आरंभ केला, तिलाच वर्ष-दोन वर्षांत त्यांचा असा कंटाळा कां यावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. हा कंटाळा आळसांतून किंवा कृतघ्नपणांतून आलेला नसून त्यांत पुष्कळ शहाणपण आहे, असें मला दाखवावयाचें आहे.

प्रथम एक गोष्ट मोकळ्या मनानें मान्य केली पाहिजे. या मंडळींचा आरंभ पुष्कळदां प्रामाणिक असतो. एकत्र कुटुंबें मोडलीं आणि शहरांतल्या दोन खोल्यांत नवी आई एकटी पडली. रात्रीं तीन वाजतां मूल रडूं लागलें तर तिनें विचारावें कोणाला? अशा वेळीं दुसरी एखादी आई "माझ्याहि घरीं असेंच झालें होतें" म्हणाली, तर तिचा आधार वाटणें स्वाभाविक आहे. अमेरिकेंत हीदर आर्मस्ट्राँग नांवाच्या बाईंनीं २००१ सालीं इंटरनेटवर रोजनिशीवजा लेखन सुरू केलें. पुढें मातृत्व आणि बाळंतपणानंतर आलेली मनाची खिन्नता यांविषयीं त्यांनीं निःसंकोचपणें लिहिलें, तेव्हां हजारों आयांना वाटलें, आपलेंच मन कोणी उघडें करून दाखवीत आहे. मग त्या पानांवर जाहिराती आल्या. कांहीं काळानें जाहिरात लेखाच्या कडेला न राहतां लेखाच्याच पोटांत शिरली. २०१५ सालीं बाईंनीं नियमित लेखन थांबविलें. जाहिरातदारांसाठीं मुलांना घेऊन प्रसंग रचावे लागतात याचा उबग, हें त्यामागील एक कारण होतें. म्हणजे कंटाळा ऐकणाऱ्यांनाच येतो असें नाहीं. सांगणाऱ्यालाहि तो चुकत नाहीं.

आतां या व्यवहारांत पैसा कोणत्या वाटेनें येतो तें पाहूं. ज्याचे अनुयायी अधिक, त्याच्या शब्दाला भाव अधिक. कंपनी कधीं आपला माल नुसता भेट म्हणून पाठविते; कधीं एका रीलसाठीं ठराविक रक्कम देते; कधीं सवलतीचा एक सांकेतिक शब्द देते, आणि तो शब्द वापरून जितकी खरेदी होईल तितक्या खरेदीवर सल्लागाराला दलाली मिळते. वरवर पाहतां एक आई दुसऱ्या आईशीं बोलत असते. परंतु त्या संभाषणांत तिसरा कोणी तरी पडद्याआड बसलेला असतो, आणि मोल त्यानें मोजलेलें असतें. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हा व्यवहार आपल्या लोकांना पूर्वीपासून ठाऊक आहे. फरक इतकाच कीं, येथें पोळी कोणाची हें टाळी ऐकणाऱ्याला दिसत नाहीं.

कोणी म्हणेल, यांत नवें तें काय? ज्या माध्यमांतून मी बोलत आहें त्यालाहि जाहिरातीचें वावडें नव्हतें. १९३३ सालीं अमेरिकेच्या रेडिओवर 'मा पर्किन्स' नांवाची कौटुंबिक मालिका सुरू झाली, ती कपडे धुण्याचा साबणचुरा खपविण्यासाठींच. अशा मालिकांना 'सोप ऑपेरा' हें नांव पडलें तें त्यामुळेंच. आपल्याकडेहि १ नोव्हेंबर १९६७ पासून विविध भारतीच्या मुंबई, पुणें व नागपूर केंद्रांवरून जाहिराती ऐकूं येऊं लागल्या. हें सर्व खरें आहे. परंतु तेथें एक कुंपण होतें. गाणें संपे, जाहिरातीची धून वाजे, आणि तेवढ्या अवकाशांत गृहिणी उठून आमटीला फोडणी देऊन येई. कोणतें वाक्य स्नेह्याचें आणि कोणतें विक्रेत्याचें, हें तिच्या कानाला कळत असे. आज तें कुंपणच काढून टाकलेलें आहे. ज्या वाक्यांत बाळाच्या तापाची काळजी असते, त्याच वाक्याच्या शेवटीं तापमापकाच्या कंपनीचें नांव असतें. त्यामुळें ऐकणारीला प्रत्येक वाक्य दोनदां ऐकावें लागतें, एकदां अर्थासाठीं आणि एकदां संशयासाठीं. मन थकतें तें प्रथम या दुहेरी श्रमानें.

परंतु थकव्याचें याहून खोल कारण दुसरेंच आहे. खऱ्या सल्ल्याला शेवट असतो. शिक्षकाच्या धंद्यांत आयुष्य घालविलेल्या मनुष्याला हें निराळें सांगावें लागत नाहीं. विद्यार्थ्याला त्रैराशिक समजलें कीं त्या धड्यापुरतें शिक्षकाचें काम संपलें. पोहावयास शिकविणारा पोटाखालीं हात धरतो तो पुढें काढून घेण्यासाठींच. चांगला डॉक्टर एक दिवस म्हणतो, "आतां औषध बंद करा." ज्ञान देणाऱ्याची कसोटीच ही आहे कीं, त्याची गरज हळूहळू नाहींशी व्हावी.

पैसे घेऊन दिलेल्या सल्ल्याला हें परवडत नाहीं. आईची काळजी मिटली तर उद्यांची रील कोण पाहील? आणि उद्यां रील कोणी पाहिली नाहीं, तर परवां कंपनी पैसे कशासाठीं देईल? म्हणून त्या सल्ल्याला रोज एक नवी उणीव शोधून काढावी लागते. बाळ झोपूं लागलें तर त्याच्या जेवणाचें काय? जेवूं लागलें तर बोलण्याचें काय? बोलूं लागलें तर बुद्धीच्या विकासाचें काय? या निवेदनांची घडण पाहिली तर बहुधा एकच सांचा आढळतो: आधीं शंका, मग भय, मग वस्तु. वस्तु घरीं येते, चार दिवस समाधान वाटतें, आणि पांचव्या दिवशीं नवी शंका दाराशीं उभी राहते. अशा रीतीनें जी स्त्री शिकण्यासाठीं बसली, ती शिकून कधींच उठत नाहीं. जेथें रोज नवी परीक्षा आहे आणि उत्तीर्ण होण्याची सोयच नाहीं, अशा शाळेचा वीट न आला तरच नवल!

हा प्रश्न केवळ पैशाच्या उधळपट्टीचा असता तर मी आपला वेळ घेतला नसता. येथें मुलाचें हित पणास लागलेलें असतें. मूल लवकर चालावें म्हणून चाकांचा पांगुळगाडा घेण्याची हौस पुष्कळांना असते. या बाबा-वॉकरांमुळें मुलें जिन्यावरून कोसळून जबर जखमी होतात, आणि त्यांनीं चालणें लवकर येत नाहीं. म्हणून कॅनडानें २००४ सालीं त्यांच्या विक्रीवर व जाहिरातीवरहि बंदी घातली. ज्याला वॉकरच्या विक्रीवर दलाली मिळते तो ही हकीकत आपण होऊन कां सांगेल? तान्ह्या मुलांच्या आहाराचेंहि तेंच. भारतांत १९९२ च्या कायद्यानें, आणि २००३ सालीं त्यांत केलेल्या दुरुस्तीनें, दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीं असलेले दुधाचे पर्याय, दुधाच्या बाटल्या व तयार बालाहार यांच्या जाहिरातीला मज्जाव केलेला आहे. तरी जगांत काय चाललें आहे पाहा. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालासाठीं बालाहाराविषयींचे ४० लाख संदेश तपासले, आणि डब्यांतील दुधाच्या कंपन्या अशा प्रभावी व्यक्तींच्या व पालकमंडळांच्या आडून आयांपर्यंत पोंचतात असें दाखवून दिलें. पुष्कळदां आईला आपण जाहिरात पाहत आहों याची जाणीवहि नसते.

दुसरी बाजू आहे ती स्वतः त्या सल्लागारांच्या मुलांची. त्यांचें रडणें, त्यांचें आजारपण, त्यांचा हट्ट, हेंच जेथें दुकानांतील मांडणीचें सामान होतें, तेथें त्या मुलांना खासगी बालपण उरत नाहीं. हा धोका ओळखून फ्रान्सनें ऑक्टोबर २०२० मध्यें सोळा वर्षांखालील अशा मुलांच्या संरक्षणासाठीं कायदा केला; मोठेपणाची वाट न पाहतां आपलीं चित्रें काढून टाका असें सांगण्याचा हक्कहि त्यांना दिला. अमेरिकेंतील इलिनॉय राज्यांत १ जुलै २०२४ पासून अशा मुलांच्या नांवें उत्पन्नाचा कांहीं वांटा बाजूला ठेवणें बंधनकारक झालें.

आपल्या देशांतहि सरकार व जाहिरात-व्यवसाय अगदींच स्वस्थ बसलेले नाहींत. जाहिरात-व्यवसायाच्याच स्वनियामक संस्थेनें, म्हणजे ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियानें, २०२१ सालीं नियम केले कीं, पैसे किंवा फुकट वस्तु घेऊन केलेल्या प्रसिद्धीवर तशी स्पष्ट खूण असलीच पाहिजे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठीं १० लाखांपर्यंत, आणि गुन्हा पुन्हां घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊं शकतो; अशा वस्तूची शिफारस करणाऱ्यावर वर्षभर बंदीहि घालतां येते. जानेवारी २०२३ मध्यें ग्राहक व्यवहार विभागानें एक मार्गदर्शिका काढून ही खूण साध्या भाषेंत असावी आणि इतर खुणांच्या गर्दींत दडवूं नये असें बजाविलें. हें योग्यच आहे. परंतु 'प्रायोजित' हा शब्द कोपऱ्यांत लिहिल्यानें दडलेला विक्रेता दिसूं लागतो इतकेंच. त्यानें पेरलेली शंका कांहीं त्यामुळें मनांतून उपटली जात नाहीं. तें काम आपलें आपणच केलें पाहिजे.

यावरून सर्व दोष यंत्राच्या माथीं मारणेंहि बरोबर होणार नाहीं. २०२३ सालीं याच माध्यमांतून एका तरुणानें मुलांच्या एका सुप्रसिद्ध पेयांतील साखरेकडे लोकांचें लक्ष वेधलें. त्याला कंपनीची कायदेशीर नोटीस आली व चित्रफीत काढून घ्यावी लागली. पण विषय मिटला नाहीं. एप्रिल २०२४ मध्यें केंद्रीय वाणिज्य मंत्रालयानें ऑनलाइन विक्रेत्यांना अशीं पेयें 'हेल्थ ड्रिंक' या सदराखालीं न ठेवण्याची सूचना केली. त्याचप्रमाणें, जुनें तें सर्व सोनें असेंहि मी म्हणत नाहीं. नवजात बाळाला मध चाटविण्याची आपली चाल प्रेमाची खरी. पण एक वर्षाखालील मुलाला मधांतून गंभीर विषबाधा होऊं शकते, म्हणून तो देऊं नये असें वैद्यकशास्त्र सांगतें. सल्ला आजीचा कीं मोबाईलचा, यावर त्याचें खरेंखोटेपण ठरत नाहीं.

मग तें ठरवावें कशावरून? माझ्या मतें तीन प्रश्न पुरेसे आहेत. हा सल्ला मीं मानला तर पैसा कोणाला मिळतो? एकहि वस्तु विकत न घेतां तो पाळतां येतो काय? आणि तो ऐकून माझें मन स्थिर झालें कीं अधिक अस्वस्थ झालें? या तीन प्रश्नांत जो सल्ला टिकतो, तो कोणत्याहि पडद्यावरून येवो, खुशाल घ्यावा. जो टिकत नाहीं, त्याला नमस्कार करावा.

अशा सल्ल्याचा नमुना आपल्याच प्रांतांत आहे. ताराबाई मोडक यांनीं गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, आणि १९४५ सालीं बोर्डीला त्यांनीं बालवाडीचें काम सुरू केलें. माँटेसरी पद्धतीचीं साधनें महाग. तेव्हां तेथें खडे, शिंपले, बिया, पानें यांचींच साधनें झालीं. त्यांच्या शिकवणुकीनें पालकांची खरेदी वाढली नाहीं, मुलाकडे पाहण्याची दृष्टि वाढली. आणि आजहि सरकारी दवाखान्यांत व अंगणवाडींत प्रत्येक आईला माता-बाल संरक्षण कार्ड मिळतें. लसी केव्हां टोंचाव्या, वजन कोणत्या रेषेवर असावें, सहा महिन्यांपर्यंत केवळ आईचें दूध व नंतर घरचें मऊ अन्न कसें द्यावें, मूल कोणत्या वयाला बसतें व बोलूं लागतें, हें सर्व त्यावर छापलेलें असतें. त्यांत न बसणारी अडचण आली तर डॉक्टर आहेतच. त्या कार्डाचा मोठा गुण हा कीं, तें वाचून संपतें. घडी घालून कपाटांत ठेवतां येतें, आणि मग आईला मुलाकडे पाहावयास सवड मिळते.

तेव्हां ज्या मातांना या सल्ल्यांचा वीट आला असेल त्यांनीं स्वतःला दोष देऊं नये. पोट भरलें कीं जीभ अन्न नको म्हणते; तसें जेवढें जाणून घ्यावयाचें तेवढें जाणून झालें, असें तुमचें मन तुम्हांला सांगत आहे. त्याचें ऐकावें, हातांतला पडदा खालीं ठेवावा, आणि शेजारीं खेळणाऱ्या मुलाशीं चार शब्द बोलावे. त्या बोलण्याला कोणीहि प्रायोजक लागत नाहीं. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.