किशोरवय, सूर्यप्रकाश आणि हृदयाचे आरोग्य

मुडदूस हा गरिबांच्या वस्त्यांचा रोग म्हणून इतिहासात नोंदला गेला आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातील औद्योगिक नगरांच्या धुराने कोंदटलेल्या गल्ल्यांत कामगारांच्या मुलांची हाडे मऊ पडून पाय वाकत. वॉर्सा शहरातील मुलांना हा रोग खेड्यातील मुलांपेक्षा अधिक होतो, असे एका पोलिश वैद्याने १८२२ मध्येच लिहून ठेवले होते. त्यामागील 'ड' जीवनसत्त्वाला हे नाव मिळाले ते बरोबर शंभर वर्षांनी, १९२२ मध्ये.

आपल्या देशात उन्हाचा तुटवडा नाही. तरीही २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातील सुमारे २४ टक्के मुलामुलींत या जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. त्याच सर्वेक्षणात या वयोगटातील सुमारे १० टक्के मुले मधुमेहपूर्व अवस्थेत होती. हृद्रोग आणि मधुमेह हे आता केवळ उतारवयाचे प्रश्न राहिलेले नाहीत.

या दोहोंचा संबंध काय? उन्हातील अतिनील किरणांमुळे त्वचेत 'ड' जीवनसत्त्व तयार होते. यकृत आणि मूत्रपिंडात ते कार्यक्षम बनते आणि आहारातील कॅल्शियम शरीरात शोषले जाण्यास मदत करते. त्याचे ग्राहक घटक हृदयाच्या स्नायूंत, रक्तवाहिन्यांत आणि इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींतही आढळतात. ज्यांच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी, त्यांच्यात स्थूलता आणि इन्सुलिनला दाद न देणारी अवस्था अधिक दिसते.

परंतु दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. हे जीवनसत्त्व चरबीत साठून राहते, म्हणून स्थूल मुलांच्या रक्तात ते कमी आढळते. जो मुलगा दिवसभर खोलीत बसतो, त्याला ऊनही मिळत नाही आणि व्यायामही घडत नाही. अमेरिकेत २५,८७१ प्रौढांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 'ड' जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. गोळी कमतरता भरून काढते; मैदानाची जागा ती घेऊ शकत नाही.

आपल्या आईवडिलांनी उन्हातान्हात राबून मुलांना सावलीत, पुस्तकांपाशी बसविले. हा त्यांचा विजय आहे. मात्र दहावीच्या नावाखाली खेळाचा तास कापला जातो, तेव्हा त्याची किंमत मुलांची शरीरे मोजतात. 'उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील' हे वाक्य तर मुलींचे दुहेरी नुकसान करते: वर्णभेदाचा जुना संस्कार मनात रुजतो आणि देहही दुबळा होतो. सर्वेक्षणातही कमतरतेचे प्रमाण मुलींमध्ये अधिक होते. सावळ्या त्वचेला तर हे जीवनसत्त्व बनविण्यास अधिक वेळ ऊन लागते.

खिडकीच्या काचेतून आलेले ऊन उपयोगी पडत नाही, आणि अगदी कोवळ्या उन्हात आवश्यक किरण फार कमी असतात. म्हणून दिवस चढल्यावर हातपाय उघडे ठेवून मोकळ्या जागी खेळणे हितकारक. वैशाखातील रखरखीत दुपार मात्र टाळावी. आहारात मासे आणि अंड्याचा पिवळा बलक असावा. हाडे दुखणे वा सततचा थकवा जाणवल्यास सरकारी रुग्णालयात दाखवावे. साठ हजार एककांच्या पुड्या मनाने घेऊ नयेत. अतिरेकाने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते.

पालकांनी शाळेत आल्यावर गुणपत्रक अवश्य पाहावे. त्याबरोबर आपले मूल रोज किती वेळ मैदानावर असते, हेही विचारावे. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या गावी, आपल्या वस्तीत मुलामुलींसाठी एक मोकळे मैदान राखले, तर ते पुढच्या पिढीला दिलेले मोठे दान ठरेल.